बुधवार-रविवारचं औषध आणि माझी जखम

सोमवार, १७ नोव्हेंबर. स्थळ : कोल्हापुरातलं हॉस्पिटल, सर्जनची खोली.

हजर : मी, पोटाला पट्टा बांधून आणि पाठीशी उशी घेऊन, माझे पती विलास, पुण्याहून आलेली आमची मुलगी मधुरा, सर्जन. दाराबाहेर बाकावर, मांडीवर पिशवी घेऊन : माझ्या सासूबाई.

विषय एकच : स्वादुपिंडाचं ऑपरेशन नीट झालं, तर मग जखमेत पू का झाला?

गावच्या बचतगटाची मी सचिव आहे, त्यामुळे लिहायला बसले की हात आपोआप असाच चालतो. तारीख आणि हजेरी वर टाकली की खालचं सगळं रांगेत येतं, असा माझा आजवरचा अनुभव. या बैठकीचं तसं झालं नाही. उत्तर मिळालं, पण ते कुठे लिहायचं ते कळेना. आणि ते उत्तर बाहेरच्या बाकापर्यंत कुणीतरी न्यायला हवं होतं. ते अजून गेलेलं नाही.

मिठबावला आमचं घर आहे, घरालगत पर्यटकांसाठी चार खोल्या आहेत. चादरी, सिलिंडर, सकाळचे घावणे, कोणाला मासे चालतात आणि कोणाला वासही चालत नाही, हे सगळं मी बघते. यादीशिवाय मी बाजारालासुद्धा जात नाही. आजार मात्र यादीत बसला नाही. ज्यांच्या घरी असंच ऑपरेशन ठरलं आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. डॉक्टरकी मला येत नाही. काय घडलं आणि काय विचारायला हवं होतं, एवढं सांगू शकते.

डोळे

माझे डोळे पिवळे झालेत हे सगळ्यात आधी सासूबाईंनी पाहिलं. मी विहिरीवर चादरी भिजवत होते.

"गो सुनंदा, हयसर उजेडात ये बघू."

"चादरी भिजवलंय, आई."

"चादरी पळान जावच्यो नाय. डोळे दाखव." त्यांनी माझी खालची पापणी अंगठ्याने ओढली. "कावीळ आसा ही. उद्या बुधवारच आसा. बरा झाला."

बुधवार का, ते सांगते. आमच्या घरात काविळीचं औषध आहे. बुधवारी आणि रविवारी सकाळी, उपाशीपोटी, मागच्या पडवीत. कसला तरी पाला पाट्यावर वाटून ताकातून देतात. पाला कसला, ते घरातल्या एकाच बाईला माहीत असतं. तिने ते आपल्या सुनेला दाखवायचं, लेकीला नाही. सासूबाईंना त्यांच्या सासूने दाखवला. त्यांच्यानंतर मी. औषधाचे पैसे घ्यायचे नाहीत. लोक नारळ ठेवून जातात. देवगडपासून कुडाळपर्यंतची माणसं त्या पडवीत बसलेली मी लग्न होऊन आले तेव्हापासून पाहते आहे. बहुतेक बरी होतात. मधुरा सातवीत असताना तिला कावीळ झाली होती, तीही त्याच पडवीत बरी झाली.

तेव्हा मी ते औषध घेतलं. कुणाच्या मनात दुसरं काही आलंच नाही. माझ्याही नाही.

पथ्य मात्र कडक. तेल नाही, खोबरं नाही, हळद नाही, मासे तर नाहीतच. पेज, मुगाचं पाणी आणि उसाचा रस हवा तेवढा. मी पथ्य लिहून फ्रिजवर लावलं आणि एकही दिवस मोडलं नाही. औषधाचा पहिला फेरा संपला, रंग उतरला नाही. सासूबाईंनी दुसरा फेरा धरला. मी बारीक होत गेले. खोल्यांवर येणाऱ्या जुन्या पाहुण्या बायका विचारायच्या, "कसं केलंत हो?" आणि मला, खरं सांगते, बरं वाटायचं.

खाजेचं कोणाला सांगितलं नाही. ताप नव्हता, दुखत काही नव्हतं, पण अंगभर खाज. नारळाच्या सोडणाचा तुकडा घेऊन मी हात घासायची. ती खाज म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. ज्यांना आत्ता होत असेल त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं : पिवळेपणा, खाज, मातकट पांढरं शौच, वजन उतरणं आणि दुखणं अजिबात नाही, असं असेल तर पोटाची सोनोग्राफी आधी. बाकी सगळं नंतर.

मधुराने एकदा व्हिडिओ कॉलवर माझा चेहरा बघितला.  दुसऱ्या सकाळी ती दारात उभी. "गाडीत बस," म्हणाली. सासूबाई म्हणाल्या, "गो चेडवा, अजून दुसरो फेरो पुरो जावक नाय." मधुरा म्हणाली, "आजी, पुरो होवंदे. आम्ही फक्त फोटो काढून येतो."

कणकवली, मग कोल्हापूर

सोनोग्राफी करणारे डॉक्टर बोलके होते. मिठबाव म्हटल्यावर समुद्राचं विचारत होते. मग यंत्र एका जागी थांबलं आणि तेही थांबले. पडदा त्यांनी स्वतःकडे वळवून घेतला.

"ही साधी कावीळ नाही ताई. पित्ताची नळी खालून दाबली गेली आहे. उद्याच कोल्हापूरला जा."

कोल्हापूरला स्कॅन झाला. स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ आहे, लहान आहे, काढता येण्यासारखी आहे, असं सर्जननी सांगितलं. त्यांनी कागदावर चित्र काढलं : जठर, आतडं, पित्ताची नळी, सगळं तिथे एका चौकात मिळतं, आणि गाठ बरोबर चौकात. चौकच काढायचा आणि रस्ते पुन्हा जोडायचे. माझा पहिला प्रश्न होता, "टॉवेल किती आणू?" विलासनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी परक्या भाषेत बोलले होते. आजही मला वाटतं, प्रश्न बरोबर होता. बाकी काय विचारायचं ते सुचतच नव्हतं.

काविळीचा आकडा फार चढला होता. एवढ्या काविळीत ऑपरेशन करायचं नाही म्हणून आधी तोंडातून दुर्बीण घालून पित्ताच्या नळीत छोटी नळी बसवली. रक्तात साखरही निघाली. मला मधुमेह कधीच नव्हता. आणि रक्तातलं प्रथिन इतकं खाली गेलेलं, की आहारतज्ज्ञ मुलीने कागद पुन्हा तपासला.

"काय खात होता?"

"पेज."

"आणि?"

"उसाचा रस."

तिने पेन खाली ठेवलं.

मला घरी पाठवलं ते खायला. अंडी, मासे, डाळ, प्रथिनाची पावडर; कावीळ उतरली, अंगात बळ आलं की ऑपरेशन. हे सासूबाईंना सांगायचं काम विलासकडे आलं.

"काविळीत निस्त्याक? ह्या डॉक्टरान सांगल्यान?"

"होय, आये. रोज मासे."

"तेचा डोक्या ठिकाणार आसा मा?"

"तो शिकललो डॉक्टर आसा."

"मी खंय नाय म्हणतंय? डोक्याचा इचारलंय."

तरी त्याच सकाळी त्या कोळणीच्या वाटेवर जाऊन बसल्या आणि मुडदुशी घेऊन आल्या, बाळंतिणीला देतात तसली हलकी. हळद घातली नाही, तेल घातलं नाही. मिठाच्या पाण्यात दोन कोकमं टाकून उकडली आणि ताट माझ्यासमोर ठेवून तोंड फिरवून बसल्या. काविळीच्या माणसाला मासा वाढायचा म्हणजे त्यांच्या आयुष्यभराच्या शिस्तीवर पाणी. पण वाढला, रोज वाढला. त्या दिवसांतलं मला आठवतं ते हे, आणि रंग हळूहळू उतरत गेला ते.

तीन नंबरची खोली

ऑपरेशनबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. मी तिथे नव्हते. सकाळी नेलं, सर्जन बाहेर आले तेव्हा दिवस संपत आला होता, असं विलास सांगतात. पोटावर आडवी शिवण, दोन्ही बाजूंना दोन नळ्या, त्यांना पिशव्या. पिशवीतल्या पाण्याचा रंग सिस्टर रोज लिहून घ्यायच्या. मीही बघायची. श्वास ओढून तीन गोळे वर चढवायचं खेळणं, आधार घेऊन चालणं, साखर बघायला बोटाला टोचणं, अशी दिनचर्या. मला ती आवडली. काय कधी करायचं हे ठरलेलं होतं.

मग एका दुपारी पिशवीतल्या पाण्याचा रंग बदलला आणि मला थंडी वाजली. मी कोणाला सांगितलं नाही. पंखा जास्त आहे असं वाटलं. हे करू नका. थंडी वाजली की त्या क्षणी सांगा, पंख्याला दोष देत बसू नका.

त्यानंतरचं मला नीट आठवत नाही, आणि जे आठवतं ते खोटं आहे. मी माझ्या घरी होते. वॉर्ड म्हणजे आमच्या खोल्या, आणि पाहुणे वेळ होऊनही खोली सोडत नव्हते. मी सिस्टरला सांगत होते, "तीन नंबर अकराला सुटेल. चादरी काढून घे, उशीचे अभ्रे वेगळे भिजव." विलासना मी ओळखलंच नाही म्हणे. त्यांना मी विचारलं, "तुम्ही शाकाहारी की मासे खाता?"

सिस्टर म्हणाली, "बदलते हं ताई चादरी. आधी हे काखेत धरा."

रागावली नाही, हसली नाही. तीन नंबरच्या चादरी तिने खरोखर बदलल्यासारखं मला नंतर सांगितलंसुद्धा. मोठे उपकार सगळ्यांना दिसतात. हा छोटा होता, मी विसरणार नाही.

शुद्ध आली तेव्हा जखमेच्या एका टोकाचे काही टाके काढलेले होते. आतून पू येत होता. आतला एक जोडही थोडा गळत होता. पट्ट्या रोज आत भरायच्या आणि काढायच्या. औषधं बदलली. सासूबाई गावाहून ग्रामदेवतेचा अंगारा घेऊन आल्या होत्या, त्यांना तो पोटावर लावायचा होता. सिस्टरने कपाळाकडे बोट दाखवलं. "आजी, इथं लावा. खालचं आमच्याकडे." सासूबाईंनी मुकाट्याने कपाळाला लावला, हात धुऊन आल्या, आणि बाहेर बाकावर जाऊन बसल्या. तो बाक त्यांनी त्यानंतर सोडला नाही.

सर्जननी सांगून ठेवलं होतं : जखम भरल्याशिवाय केमो सुरू करता येणार नाही, आणि केमो फार लांबली तर तिचा उपयोग कमी होतो. म्हणजे पू हा नुसता पू नव्हता. त्याने पुढचा रस्ता अडवला होता. म्हणून मी ती बैठक मागितली.

कशामुळे

"ताई, एक कारण नसतं," सर्जन म्हणाले.

"मग क्रम लावून द्या."

ते हसले. मी हसत नाही हे बघून थांबले आणि बोटं मोजू लागले.

"पित्ताच्या नळीत आपण जी नळी घातली, ती एक. तिच्यावरून आतड्यातले जंतू पित्तात चढतात. ऑपरेशनच्या वेळी घेतलेल्या पित्तात जो जंतू मिळाला, तोच तुमच्या जखमेत मिळाला. दुसरं, साखर. तिसरं, अंगात प्रथिन कमी. आपण भरून काढलं, पण पूर्ण नाही. चौथं, तुमचं स्वादुपिंड मऊ आहे. पिकल्या चिकूला टाके घालायचे तसं. तिथे जोड गळण्याची भीती असते आणि गळला की जंतूंना जागा होते. हे तुमच्याही हातात नव्हतं आणि माझ्याही. पाचवं, ऑपरेशनला वेळ लागला."

"यातलं मुख्य कुठलं?"

"सांगता येत नाही. हे सगळं असून काहींना काही होत नाही. यातलं काहीच नसून काहींना होतं."

मी पेन धरून बसले होते. मधुराने विचारलं, "नळी टाळता आली असती?"

त्यांनी फाइल चाळली. तारखा बघत होते हे मला दिसलं.

"कावीळ एवढी चढायच्या आधी आला असतात, तर कदाचित नळी न घालता थेट ऑपरेशन करता आलं असतं. कदाचित. लवकर येऊनही काहींना नळी लागतेच."

विलास दाराकडे बघत होते. दार बंद होतं.

मला माझी बेरीज करता येते. उशीर झाला म्हणून आकडा चढला, आकडा चढला म्हणून नळी. पेज खाल्ली म्हणून प्रथिन उतरलं. स्वादुपिंडच आजारी, त्यात उसाचा रस, म्हणून साखर. पाच बोटांतली तीन आमच्या मागच्या पडवीकडे जात होती. चौथं माझ्या पोटात जन्मापासून होतं आणि पाचवं डॉक्टरांकडे. पण बेरीज म्हणावी तर उत्तर "कदाचित". मी कारण मागायला गेले होते आणि पदरात कदाचित घेऊन उठले.

दार उघडलं. सासूबाई उभ्या राहिल्या.

"डॉक्टर काय म्हणालो?"

मधुराने तोंड उघडलं. विलासनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "जंतू म्हणालो, आये. हॉस्पिटलात असतत."

"मी म्हटलंच. हयसर वारो नाय, उन्हा नाय. जंतू नाय तर काय होतले?"

त्यांनी माझी उशी काखेत घेतली आणि पुढे चालू लागल्या. हॉस्पिटलचा काहीच दोष नव्हता. त्या सिस्टरचा तर नव्हताच. मी पट्टा सावरून त्यांच्या मागोमाग निघाले.

ज्याचं त्याचं कारण

घरी आल्यावर मला कळलं, की माझ्या जखमेचं कारण प्रत्येकाकडे आहे, आणि प्रत्येकाने ते आपापल्या घरून आणलं आहे.

शेजारीण म्हणाली, जाताना देवाला गाऱ्हाणं घालायला हवं होतं. विलासचा चुलतभाऊ म्हणाला, टाक्यांवर मासे खाल्ले की पू धरणारच. म्हणजे मुडदुशी गुन्हेगार. डॉक्टर म्हणतात मासे कमी पडले. दोघांचं मी ऐकून घेतलं आणि मासा खाल्ला.

मधुरा एकदा भांडी लावता लावता म्हणाली, "मी गणपतीत आले होते तेव्हाच तुझे डोळे नीट बघायला हवे होते."

"गणपतीत डोळे पांढरे होते."

"तुला काय माहीत? तू कुठे आरशात बघतेस?"

आणि विलास. त्यांनी तर कोणी विचारलं नसताना एका सकाळी चहाच्या कपात बघत सांगितलं, की वॉर्डात त्यांनी एकदा हात न धुता माझा हात धरला होता. "तू मला मासे खाता का विचारलंस ना, तेव्हा. मी घाबरलो होतो. बाटलीतलं ते औषध चोळायचं राहिलं." एवढे दिवस ते हे उराशी घेऊन फिरत होते. मी त्यांना सांगितलं, जंतू पित्तातलाच होता, तपासणीत सिद्ध झालंय, हातावरचा नव्हता. त्यांचा चेहरा सुटला. एवढ्या सोप्या वाक्याने माणूस सुटतो, तर आईंनाही असंच एक वाक्य असेल, असं मला वाटलं. मी ते शोधायला लागले. सापडलं नाही, कारण विलासना सांगितलेलं वाक्य खरं होतं आणि आईंना सोडवणारं प्रत्येक वाक्य अर्धं खोटं निघत होतं.

उपकेंद्रातली नर्स रोज येऊन जखम धुवायची. "खालून वर भरायला हवी," ती म्हणायची, "वरून मिटली आणि आत राहिली तर पुन्हा तेच." मधुरा रोज फोटो काढून सर्जनना पाठवायची. जखम खालून वर भरली. केमो सुरू झाली, ठरल्यापेक्षा उशिरा. अजून चालेल, म्हणाले सर्जन. त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य, ज्यात कदाचित नव्हतं.

पडवी

केमोच्या दोन फेऱ्यांच्या मधला एक बुधवार. मी मागच्या पडवीत उन्हाला बसले होते. सासूबाई पाट्यावर पाला वाटत होत्या. पायरीवर पलीकडच्या वाडीतला एक माणूस आला होता, आंब्याच्या कलमांची राखण करणारा, माझ्याच वयाचा. बरोबर त्याची बायको. डोळे हळदीसारखे. तो किल्लीने कोपर खाजवत होता.

किल्लीकडे माझं लक्ष गेलं. सोडणाचा तुकडा आठवला.

"खाज कधीपासून?" मी विचारलं.

"खाज काय ती, वयनी. झोपाक देणा नाय."

"दुखता खंय?"

"नाय. दुखणा बिलकूल नाय."

"शौचाक पांढरी जाता?"

तो लाजला. बायको म्हणाली, "मातयेसारखी. तुमका कसा कळला?"

"वजन?"

"पट्ट्याक नवीन भोक पाडलंय मी, खिळो तापवन," ती म्हणाली. "नायतर ह्येंची पँट रस्त्यार पडतली."

पाट्यावरचा आवाज थांबला होता. मी त्या बाजूला पाहिलं नाही. "आधी कणकवलेक जावन पोटाची सोनोग्राफी करा," मी म्हटलं. "आजच्या आज. मी तेच करूक उशीर केलंय."

तो माणूस माझ्याकडे बघेना. त्याने सासूबाईंकडे पाहिलं. "काकी?"

सासूबाईंचे हात पाल्याने हिरवे झालेले. त्यांनी ते पाट्याच्या कडेला निपटले. मग म्हणाल्या, "ती सांगता ता कर. औषद खंय पळता? फोटो काढून ये, मगे बघूया."

बायकोने नारळ ठेवला. सासूबाईंनी तो परत तिच्या पिशवीत घातला. असं मी कधी पाहिलं नव्हतं.

त्या माणसाला पित्ताच्या नळीत खडा निघाला. दुर्बिणीने काढला, आठवड्यात तो पुन्हा कलमांखाली. निरोप आला तेव्हा सासूबाई खोबरं खवत होत्या. "खडो!" म्हणाल्या. "माझा औषद खडो कसो काढतला?" आणि हसल्या. मग हसू गेलं. विळीवरून नजर न काढता त्यांनी विचारलं, "तुझी गाठ औषदान वाढली काय गो?"

"नाय, आई. गाठ औषदान वाढणा नाय." हे मी सर्जनना विचारलेलं आहे. हे खरं आहे.

"आणि पू?"

मी क्षणभर थांबले. तो क्षण त्यांनी ऐकला असणार.

"तेची कारणा खूप आसत. डॉक्टरांका पण नक्की म्हायत नाय."

हेही खरं आहे. त्या "बरा" म्हणाल्या आणि पुन्हा खवू लागल्या. खोबरं संपलं होतं, करवंटी खरवडल्याचा आवाज येत राहिला.

आता त्या पडवीत औषध घ्यायला येईल त्याला आधी सांगतात, कणकवलीचा कागद दाखव. साधी कावीळ लिहिलेली असेल तर पाला वाटतात. त्याबरोबर डॉक्टरांचं पथ्यही विचारतात, आणि ऐकून "तेचा डोक्या ठिकाणार आसा मा?" हेही विचारतात. साधी कावीळ विश्रांतीने आपली आपणच उतरते, असं सर्जन म्हणाले होते. म्हणजे मधुरा कशाने बरी झाली, तेही मला आता कळेनासं झालं आहे. पाल्याने, की शाळेला दांडी मारून पडवीत आजीजवळ पडून राहिली त्याने?

माझ्या यादीत दोन कामं उरली आहेत. पहिलं, सर्जननी मोजलेली पाच बोटं आईंना जशीच्या तशी सांगणे, कदाचितसकट. दुसरं, आईंबरोबर जाऊन पाला बघून घेणे. पहिलं केल्याशिवाय दुसरं करायचं नाही, एवढंच मी ठरवलेलं आहे. ज्या हाताने त्या पाला दाखवतील, त्या हाताला सगळं माहीत असायला हवं.

आज दुपार उतरल्यावर त्या कोयती घेऊन पायरीवर उभ्या राहिल्या. गुडघ्यांमुळे त्यांना आता पाला काढायला घरामागच्या परड्याच्या टोकापर्यंत जायचं तर कुणीतरी लागतं.

"येतंस मा गो? माझे पाय चलतत तवसर बघून घे. मगे कोण दाखवतला?"

"टाके सुकांदेत, आई."

"सुकांदेत," त्या म्हणाल्या, आणि कोयती मांडीवर घेऊन पायरीवर बसल्या.

टाके कधीच सुकले आहेत. ते त्यांनाही माहीत आहे. सुकल्या टाक्यांवर खोबरेल त्याच लावतात.